अश्मरीपासून पुरःस्थ ग्रंथीपर्यंत : रुग्णसंशोधनाचा इतिहास आणि मराठी शब्द

मूत्राशय, मूत्रपिंड आणि पुरःस्थ ग्रंथी यांच्या विकारांवरील उपचारांचा इतिहास हा वैद्यकशास्त्राच्या अभ्यासकांचा प्रांत, असे सामान्यतः मानले जाते. आणि ते वावगेही नव्हे. तथापि भाषेच्या अभ्यासकाने लक्ष घालावे असे एक अंग या इतिहासाला आहे. उपचार हितकर की अहितकर हे ठरविण्यासाठी वैद्याला दोन गोष्टी कराव्या लागतात : रुग्णाची संमती घेणे आणि फळाची गणती करणे. संमती शब्दांनी घेतली जाते हे उघडच आहे. परंतु गणतीचा आकडाही पुष्कळदा रुग्णाच्या शब्दांतूनच जन्मास येतो, इकडे दुर्लक्ष होते. या दोन गोष्टी कोणत्या क्रमाने पुढे आल्या, आणि मराठी बोलणाऱ्या रुग्णापाशी येऊन त्या कोठे अडतात, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

१

आपल्याकडील सर्वांत जुनी तपशीलवार साक्ष सुश्रुतसंहितेची. निदानस्थानात अश्मरीचे, म्हणजे मुतखड्याचे, चार प्रकार सांगितले आहेत. चिकित्सास्थानाच्या सातव्या अध्यायात तो शस्त्राने काढण्याचा विधी आहे. गुदमार्गात बोटे घालून खडा खाली आणावा, सेवनीच्या डाव्या बाजूस यवमात्र अंतर सोडून छेद घ्यावा, खडा फुटू देऊ नये. कारण चूर्ण अल्प जरी मागे राहिले तरी ते पुन्हा वाढते, असा इशारा तेथे दिलेला आहे. हाताने काम करणाऱ्या माणसाचे निरीक्षण या वाक्यात स्पष्ट उमटले आहे.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा भाग निराळाच आहे. शस्त्रक्रिया न केल्यास मृत्यू निश्चित आणि केल्यास यशाविषयी संशय, म्हणून वैद्याने सत्ताधीशास विचारूनच हे कर्म करावे, असे संहिताकार बजावतो. उपचाराच्या फळाविषयीचा संशय आणि त्यापोटी घ्यावयाची अनुज्ञा, ही दोन्ही सूत्रे येथे एकत्र आली आहेत. मात्र संशयाचे मोजमाप नाही, आणि अनुज्ञा रुग्णाची नसून अधिपतीची आहे. पुढील इतिहास हा या दोन उणिवा भरून काढण्याचा इतिहास आहे, असे म्हणता येईल.

उत्तरतंत्रात मूत्राघाताच्या बारा प्रकारांत ‘वाताष्ठीला’ नावाचा एक प्रकार येतो. मलमार्ग आणि बस्ती यांच्यामध्ये अष्ठीलेसारखी, म्हणजे गोट्यासारखी, घट्ट व अचल गाठ उत्पन्न होऊन मूत्र अडते, असे त्याचे वर्णन आहे. अर्वाचीन लेखकांनी या वर्णनावरून पुरःस्थ ग्रंथीची वृद्धी ओळखली आहे. लक्षणांचे साम्य विलक्षण आहे, यात शंका नाही. परंतु संहितेत ती वायूने निर्माण केलेली गाठ आहे, शरीरात मुळातच असणारी ग्रंथी नव्हे. लक्षणाचे नाव आणि अवयवाचे नाव यांतील हा भेद पुसला, तर इतिहास आणि शब्दार्थ या दोहोंचीही हानी होते.

२

संशयाला आकडा मिळाला तो पॅरिसमध्ये, आणि तोही मुतखड्याच्याच निमित्ताने. झां सिव्हियाल या शल्यविशारदाने छेद न घेता मूत्रमार्गातून उपकरण घालून खडा मूत्राशयातच फोडण्याची रीत प्रचारात आणली. ती जुन्या रीतीहून श्रेष्ठ आहे हे दाखविण्यासाठी त्याने दोन्ही रीतींचे आकडे मांडले : छेदाच्या ५,७१५ शस्त्रक्रियांत १,२३७ मृत्यू, म्हणजे शेकडा २१.६, खडा फोडण्याच्या २५७ शस्त्रक्रियांत ६ मृत्यू, म्हणजे शेकडा २.३. पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या समितीने १८३५ साली या मांडणीचा विचार केला, तेव्हा एक मूलगामी आक्षेप पुढे आला. गणिती माणसामाणसांतील भेद पुसूनच आपली बेरीज करतो. वैद्यापुढे मात्र नेहमी एकच माणूस असतो, असा त्या आक्षेपाचा आशय होता. निवडक रुग्णांवर केलेल्या नव्या शस्त्रक्रियेची सरसकट रुग्णांवरील जुनीशी तुलना रास्त आहे काय, ही शंकाही सिव्हियालच्या आकड्यांबाबत घेता येते. दोन्ही प्रश्न अद्यापि जुने झालेले नाहीत.

१८७८ साली बोस्टनच्या हेन्री बिगेलो याने एकाच बैठकीत खडा फोडून त्याचे सारे तुकडे पाण्याबरोबर शोषून बाहेर काढण्याची पद्धती प्रसिद्ध केली. तिला लिथोलॅपॅक्सी म्हणतात. चूर्ण मागे राहू नये, ही सुश्रुताची चिंता येथे यंत्राने दूर केली. परंतु लहान मुलांचा मूत्रमार्ग अरुंद असल्यामुळे त्यांना ही पद्धती लागू नाही, असे तज्ज्ञांचे मत होते. ते खोडून काढण्याचे श्रेय होळकरांच्या इंदुरास जाते. तेथील रेसिडेन्सीच्या रुग्णालयातील शल्यविशारद डी. एफ. कीगन यांनी १८८० नंतरच्या दशकात मुलांसाठी लहान उपकरणे वापरून ही शस्त्रक्रिया वारंवार केली, तिचे फळ प्रसिद्ध केले आणि त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मुख्यतः धान्यावर पोसलेल्या गरीब मुलांत त्या काळी मूत्राशयाचा खडा फार आढळे. म्हणूनच जे लंडनच्या रुग्णालयांत मोजता येणे कठीण होते ते माळव्यात मोजता आले. आपल्या मुलखाच्या दारिद्र्याने जगाच्या शास्त्राला पुरविलेली ही सामग्री आहे, हे विसरता कामा नये. त्या मुलांना वा त्यांच्या आईबापांना काय सांगितले गेले, हा प्रश्न त्या काळच्या वैद्यकीय लेखनाच्या कक्षेबाहेरचा होता.

३

मुतखड्याकडून पुरःस्थ ग्रंथीकडे नेणारा दुवाही हिंदुस्थानातूनच जातो. पीटर फ्रेयर हे १८७५ साली इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले, उत्तर हिंदुस्थानात लिथोलॅपॅक्सीत त्यांनी नाव मिळविले आणि १८९६ नंतर लंडनच्या सेंट पीटर्स रुग्णालयात काम केले. १९०० च्या डिसेंबरात त्यांनी ओटीपोटातून मूत्राशय उघडून वाढलेली पुरःस्थ ग्रंथी बोटाने सोडवून काढली आणि १९०१ साली आपले पहिले अनुभव प्रसिद्ध केले. न्यूयॉर्कच्या यूजीन फुलर यांनी तशीच शस्त्रक्रिया आधी केली होती, यावरून अग्रक्रमाचा मोठा वाद झाला. पण फ्रेयर यांची पद्धती रूढ झाली, याचे एक कारण त्यांनी पुढील वर्षांत रुग्णांमागून रुग्णांचा हिशेब छापीत नेला हेही होते.

तरीही एका शल्यविशारदाने ठेवलेला आपल्याच कामाचा हिशेब पुरेसा नसतो, हे विसाव्या शतकाच्या मध्यास स्पष्ट झाले. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवून दिले की, पुरुष-संप्रेरक काढून घेतल्यास वा स्त्री-संप्रेरक दिल्यास पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग मागे हटतो. या शोधाबद्दल त्यांना १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. उपचार सर्वत्र रूढ झाला. मात्र अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी १९६० पासून चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे रुग्णांचे गट पाडून तुलना केली, तेव्हा १९६७ पर्यंत असे दिसून आले की, रोज ५ मिलिग्रॅम स्टिल्बेस्ट्रॉल घेणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू वाढतात. कर्करोग आटोक्यात येत होता, आणि माणूस दुसऱ्याच कारणाने जात होता. निवड वैद्याच्या हातून काढून दैवगतीकडे सोपविल्यावाचून हे उघड झाले नसते.

४

या पद्धतीचे एक ठळक उदाहरण आता आपल्या दाराशी आले आहे. पनवेल तालुक्यातील रोडपाली हे गाव आज कळंबोलीच्या नव्या वसाहतींनी वेढलेले आहे. शेजारच्या खारघरला टाटा स्मारक केंद्राचे कर्करोग संशोधन संकुल आहे. १९५२ साली परळ येथे सुरू झालेली कर्करोग संशोधन संस्था २००२ साली तेथे आली. याच टाटा स्मारक केंद्रात डॉ. वेदांग मूर्ती व त्यांचे सहकारी यांनी २०११ ते २०१७ या काळात पुरःस्थ ग्रंथीच्या, अधिक जोखमीच्या परंतु लसीकाग्रंथींत न पसरलेल्या, कर्करोगाचे २२४ रुग्ण दोन गटांत विभागले. एका गटास केवळ ग्रंथीवर, तर दुसऱ्यास संपूर्ण कटिभागावर किरणोपचार देण्यात आला.

निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. रक्तातील पीएसए या निर्देशकावरून पाहता पाच वर्षांनी रोग न उलटलेल्यांचे प्रमाण कटिभागाच्या गटात शेकडा ९५, तर केवळ ग्रंथीच्या गटात ८१.२ होते. एकूण जगण्याच्या प्रमाणात तोवर लक्षणीय फरक दिसला नव्हता. उलट मध्यम वा त्याहून तीव्र असे, उशिरा उद्भवणारे मूत्रमार्गाचे त्रास पहिल्यात शेकडा २०, तर दुसऱ्यात ८.९ आढळले. यातील पहिला आकडा रक्ततपासणीवर उभा आहे. शेवटचा मात्र फार मोठ्या अंशी रुग्णाच्या निवेदनावर अवलंबून असतो : किती वेळा उठावे लागते, जळजळ होते काय, धरून ठेवता येते काय. रोग आवरल्याचा लाभ आणि आयुष्यभराचा त्रास यांचा तोल ज्या तराजूत करावयाचा, त्याचे एक पारडे असे शब्दांनी भरलेले आहे.

५

येथे भाषेचा प्रश्न उभा राहतो. लघवीचे त्रास मोजण्यासाठी १९९२ साली अमेरिकेत तयार झालेली प्रश्नावली आज जगभर वापरली जाते. तिच्यात सात प्रश्न असून प्रत्येकास शून्य ते पाच गुण, म्हणजे एकूण ३५ गुण असतात. सातपर्यंत त्रास सौम्य, आठ ते एकोणीस मध्यम, वीस व त्यापुढे तीव्र. औषध द्यावे की शस्त्र चालवावे, याचा विचार या गुणांच्या आधारे होतो. प्रश्न गेल्या तीस दिवसांविषयी असतात. त्यांचे मराठी रूप करताना ‘गेल्या महिन्यात’ असे लिहिले, तर ऐकणाऱ्यास मागचा अख्खा महिना अभिप्रेत वाटेल. ‘गेल्या महिनाभरात’ असे म्हटले तरच नेमका काल कळेल. एका प्रत्ययाने उत्तर बदलते. ‘वारंवार लागणे’ आणि ‘लागली की धरवत नाही’ ही दोन निराळी लक्षणे आहेत; पण ‘घाईची लघवी’ असे पुस्तकी रूप केल्यास दोन्ही एकात मिसळतात. उलट मराठीत ‘उन्हाळी लागणे’, ‘लघवी तुंबणे’, ‘धार बारीक होणे’ असे नेमके वाक्प्रयोग पूर्वापार आहेत. परिभाषेत त्यांना जागा क्वचितच मिळते.

परिभाषेचे आपले वैभव निराळेच आहे. ‘पुरःस्थ’ हा शब्द ग्रीक मुळाचे, म्हणजे ‘पुढे उभा असलेला’ या अर्थाचे, शुद्ध संस्कृत रूप आहे. पण रुग्ण ‘प्रोस्टेट’च म्हणतो. ‘बस्ती’ म्हणजे मूळचा मूत्राशय. आज त्या शब्दाने आयुर्वेदातील गुदमार्गाचा उपचार ओळखला जातो.

संमतीच्या बाबतीत अडचण अधिक गंभीर आहे. नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ साली झालेल्या केंद्रीय नियमांनुसार, सहभागी व्यक्तीस समजणाऱ्या भाषेत माहिती देऊन लेखी संमती घेणे बंधनकारक आहे. चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही २००७ पासून आहे. कायद्याने अनुज्ञेचा अधिकार सुश्रुताच्या सत्ताधीशाकडून रुग्णाकडे आणला, हे मोठेच स्थित्यंतर होय. परंतु मराठीत ‘चाचणी’ हा शब्द रक्ताच्या तपासणीसही लावतात आणि संशोधनासही लावतात. ‘तुमची चाचणी करावयाची आहे’ असे ऐकून जो सही करतो, त्याने कशास संमती दिली? ‘प्रयोग’ म्हणावे तर माणूस बिचकतो. ‘यादृच्छिक गटनिश्चिती’ हा शब्दप्रयोग निर्दोष आहे, पण कळणारा नाही. त्याऐवजी, ‘दोन उपचारांपैकी कोणता अधिक चांगला हे अजून ठाऊक नाही, तुम्हांस कोणता द्यावयाचा हे डॉक्टर ठरविणार नाहीत, चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरेल’ असे सांगता येते. यात पारिभाषिक शब्द एकही नाही. संशय मात्र प्रामाणिकपणे सांगितलेला आहे.

६

पॅरिसच्या अकादमीत घेतलेल्या आक्षेपाचे उत्तर येथे मिळते, असे मला वाटते. गणती टाळून माणूस वाचत नाही; स्टिल्बेस्ट्रॉलचा दाखला हेच सांगतो. परंतु गणतीत माणूस शिल्लक राहावयाचा, तर त्याला विचारलेला प्रश्न त्याच्या बोलीत असावा लागतो, आणि त्याचा होकार त्याला कळलेल्या गोष्टीस असावा लागतो. हे काम एकट्या वैद्याचे नव्हे. रायगड जिल्ह्यात आगरी, कोळी, कातकरी अशा बोली अगदी शेजारी नांदतात. त्यांतील शरीरविकारांच्या शब्दांचा पद्धतशीर संग्रह, संमतिपत्रांच्या मराठी भाषांतरांची चिकित्सा, आणि प्रश्नावलीतील प्रत्येक वाक्य रुग्ण कसे समजतो याची प्रत्यक्ष पडताळणी, ही पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेण्याजोगी कामे आहेत. त्यांतून निघणारा प्रबंध ग्रंथालयाच्या फडताळात राहणार नाही. तो एखाद्या रुग्णाच्या सहीच्या वर छापला जाईल.