सहा महिन्यांचा शोक



गेल्या चातुर्मासात आम्ही स्वाध्यायाला पद्मपुराण लावलं होतं. सातव्या शतकात आचार्य रविषेणांनी रचलेली ही जैन रामकथा. शेवटाकडचा एक प्रसंग आला आणि माझ्या मोठ्या जाऊबाई मध्येच उठून गेल्या.

प्रसंग असा. लक्ष्मणाचा मृत्यू होतो, पण राम ते मान्य करत नाहीत. त्याला न्हाऊ घालतात, त्याच्याशी बोलतात, देह खांद्यावर घेऊन सहा महिने फिरतात. सगळे समजावून थकतात. शेवटी पूर्वजन्मीचे स्नेही असलेले दोन देव स्वर्गातून येतात. एक वाळलेल्या झाडाला पाणी घालतो, दुसरा खडकावर बी पेरतो. पाणी घुसळतात, वाळू पिळून तेल काढू बघतात. राम म्हणतात, हा काय वेडेपणा? मग देव विचारतात, आपण तरी काय करता आहात?

जाऊबाई का उठल्या, ते मला कळलं. त्यांचा मुलगा २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनात गेला. देह घरी आला नाही, उठावणा झाला नाही, चार बायका गळ्यात पडून रडल्या नाहीत. तीन वर्षं झाली तरी त्या त्याचा मोबाईल रोज चार्ज करून ठेवायच्या. मी एकदा म्हणाले होते, "जाऊबाई, हे आर्तध्यान आहे, कर्मबंध होतो." तेव्हापासून त्या माझ्यासमोर रडल्या नाहीत. मला वाटलं, सावरल्या.

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात इष्टवियोगाचं आर्तध्यान सांगितलं आहे, हे खरं. पण ते आपण आपल्या मनाला ओळखावं म्हणून. दुसरीचं तोंड बंद करायला मी ते वापरलं, ही माझी चूक.

त्यानंतर या विषयावर मिळेल ते वाचत गेले. १९४२ साली अमेरिकेत बोस्टनच्या एका नाईटक्लबला आग लागून ४९२ माणसं गेली. एरिक लिंडेमन नावाच्या डॉक्टरांनी मागे राहिलेल्यांशी बोलून १९४४ मध्ये लेख लिहिला. ज्यांचं दुःख तेव्हा बाहेर पडत नाही, त्यांना ते पुढे कधीतरी गाठतं, असं त्यांना दिसलं. २००५ मध्ये कॅथरीन शियर यांनी अशा अडकलेल्या शोकासाठी १६ बैठकांचा खास उपचार तपासला. दुसऱ्या एका प्रचलित मानसोपचारापेक्षा त्याचा गुण अधिक आला. त्यात रुग्ण तो मृत्यूचा दिवस डोळे मिटून सांगतो, ते रेकॉर्ड होतं आणि घरी पुन्हा ऐकायचं असतं.

पण डॉक्टरच दूर असेल तर? स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या बिर्गिट वॅगनर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये इंटरनेटवरच्या उपचाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाच आठवडे, आठवड्यातून दोनदा, ४५ मिनिटं लिहायचं आणि ईमेलने पाठवायचं. तिकडून उत्तर यायचं. एकही भेट नाही. आधी त्या दिवसाबद्दल लिहायचं. मग असंच दुःख झालेल्या मैत्रिणीला धीराचं पत्र लिहायचं. शेवटी गेलेल्याच्या आठवणींसह पुढे कसं जगायचं, ते. त्यांनाही फरक पडला.

जागतिक आरोग्य संघटनेने हा आजार आपल्या यादीत घेतला आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. अट काय, तर तीव्र शोक किमान सहा महिने टिकलेला आणि त्या समाजाच्या रीतीपेक्षा जास्त असावा. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ मोठ्यांसाठी एक वर्ष धरतात. सहा महिने वाचलं आणि मी पुस्तक उघडून रामाचा प्रसंग पुन्हा वाचला. म्हणजे सहा महिने झाले की रडू नये, असं मात्र नाही. प्रत्येक दुःख आजार नसतं. जगणंच थांबलं असेल, तर मदत घ्यावी.

आपल्याकडे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०१२ मध्ये 'आयकॉल' ही फोन आणि ईमेलवरची सेवा सुरू केली. १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची 'टेलिमानस' आहे. नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतही. तिथे आधी समुपदेशक ऐकून घेतात, गरज असेल तर डॉक्टरांकडे जोडून देतात.

जाऊबाईंना पुतणीने पुण्याहून व्हिडिओवर एक समुपदेशक जोडून दिल्या. येलदरीत आमच्या घरात रेंज नसते, म्हणून दर बुधवारी दुपारी गच्चीवर खुर्ची टाकून बसायच्या. मी जिन्यात बसायचे, कुणी वर जाऊ नये म्हणून. पहिल्या दिवशी त्या तासभर रडल्या. खाली येऊन म्हणाल्या, "बाई, त्यांनी मला गप्प नाही केलं गं."

मी बी.कॉम. झालेली बाई. हिशेबात मागची बाकी खोडता येत नाही, पुढच्या पानावर ओढावी लागते. पण म्हणून नवं पान लिहायचं थांबत नाही. जाऊबाईंची बाकी आहेच. मोबाईल मात्र आता कपाटात आहे, आणि परवा त्यांनीच विचारलं, "पद्मपुराण कुठपर्यंत आलं होतं?"

तुमच्या घरात, शेजारी अशी कुणी असेल, तर उपदेश नंतर. आधी तिच्याजवळ बसा, मग नंबर लावून द्या.

जय जिनेंद्र.