उन्हाळी मेजवानीतील थंडगार ‘कोलस्लॉ’

अमेरिकेत उन्हाळ्यात घराच्या अंगणात निखाऱ्यांवर भाजलेल्या मांसासोबत ‘कोलस्लॉ’ हे कोबीचे थंड सॅलड वाढले जाते. हे नाव मूळ डच भाषेतील आहे. अर्धा किलो कोबी व एक गाजर बारीक चिरून त्यास एक चमचा मीठ चोळावे. अर्ध्या तासाने सुटलेले पाणी पिळून काढावे. अन्यथा सॅलड पातळ होते. त्यात चार मोठे चमचे मेयोनेज, एक मोठा चमचा व्हिनेगर, चिमूटभर साखर व मिरपूड मिसळून तासभर फ्रिजमध्ये ठेवावे.

अमेरिकी कृषी विभागाच्या सूचनेनुसार असे नाशवंत पदार्थ २ तासांहून अधिक आणि ३२ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त उष्म्यात १ तासाहून अधिक काळ बाहेर ठेवू नयेत. त्यामुळे भांडे बर्फात ठेवूनच सॅलड वाढणे हितावह ठरते.