दस्त्यावरच्या खुणा

कोलकात्याजवळ हुगळीच्या काठी ईशापूर येथे पूर्वी बंदुकीची दारू बनत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे रायफली बनू लागल्या. ब्रिटिश सैन्याने १८९५ साली स्वीकारलेली ली-एन्फील्ड, म्हणजेच लोकांच्या तोंडची ‘थ्री-नॉट-थ्री’, येथेही घडली आणि कित्येक दशके भारतीय शिपायाच्या खांद्यावर राहिली. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी तिला निरोप दिला तो २०२० साली.

इतक्या दीर्घ आयुष्याचे वार्धक्य पोलादापेक्षा लाकडावर अधिक दिसते. सैन्यातील अक्रोडी दस्त्याला चकचकीत वॉर्निश देत नसत. जवसाचे तेल चोळून मुरवीत. हे तेल वाळते म्हणजे उडून जाते असे नव्हे. हवेतील प्राणवायू शोषून ते हळूहळू घट्ट होते. त्यावर घाम, धूळ आणि वंगण बसत जाऊन काळपट, चिकट थर साचतो.

असा दस्ता हाती आला की हौशी माणूस प्रथम पॉलिश पेपर उचलतो आणि घात होतो तो तेथेच. कारखान्याचे, तपासनिसाचे, दुरुस्ती करणाऱ्या आर्मररचे ठसे लाकडात जेमतेम केसभर खोल असतात. या रायफलीच्या इतिहासाची कागदपत्रे म्हणायची ती हीच, आणि ती भुशाबरोबर झटकली जातात! शिवाय घासलेले लाकूड मागच्या पितळी पट्टीपेक्षा खाली बसते; ते पुन्हा तिच्या पातळीवर आणणे कोणत्याही तेलाला साधत नाही.

जाणता कारागीर टर्पेंटाइनमध्ये किंचित भिजवलेल्या मऊ फडक्याने मळ तेवढा उतरवतो. जेथे पोचा पडला असेल तेथे ओले फडके ठेवून वर तापलेली इस्त्री टेकवतो. तेथील तंतू तुटलेले नसतात, नुसते चेपलेले असतात. वाफ लागताच ते फुगून वर येतात. तुटलेला तंतू मात्र वाफेला दाद देत नाही. तेथे भराव घालून रंग लावण्याचा मोह पुष्कळांना होतो; पण लाकूड शाबूत असेल तर ती चीर तशीच राहू द्यावी. शिपायाच्या हातून पडलेली खूण लपविण्याचे कारण काय?

मग तळहाताने तेलाचा पातळ हात फिरवायचा, उरलेले पुसून घ्यायचे आणि दुसऱ्या हातापूर्वी दिवसचे दिवस थांबायचे. घाईने जाड थर दिला तर तो चिकटच राहतो. तेलाची फडकी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल घट्ट होताना उष्णता निघते, ती घड्यांत कोंडते आणि फडकी आपोआप पेट घेतात. ती उघड्यावर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.