विद्यार्थी पत्रकारांचे मानमंडळ आणि वर्ध्याची रीत

महाविद्यालयाच्या वृत्तपत्रात किंवा नियतकालिकात चांगले काम केलेल्या निवडक विद्यार्थ्यांना सदस्यत्व देऊन गौरवणारी संस्था म्हणजे विद्यार्थी पत्रकारांचे मानमंडळ. ही प्रथा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत सुरू झाली. नागपूर विद्यापीठात पत्रकारितेचे शिक्षण आले ते अशाच एका मंडळाच्या जन्मस्थानातील प्राध्यापकाबरोबर. मंडळ मात्र आले नाही. या विद्यापीठाच्या कक्षेतील वर्धा जिल्ह्यात तोवर तरुण लेखक-संपादक घडण्याची दुसरीच रीत रुजली होती.

अमेरिकेतील बहुतेक जुनी मंडळे दोन वर्षांच्या आत स्थापन झाली. १९०९ च्या एप्रिलमध्ये इंडियाना राज्यातील डीपॉ विद्यापीठात दहा विद्यार्थ्यांनी सिग्मा डेल्टा काय हे मंडळ काढले. त्याच महिन्यात सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात सात विद्यार्थिनींनी थीटा सिग्मा फाय सुरू केले. त्याच वर्षी न्यू यॉर्क राज्यातील सिराक्यूज विद्यापीठात पाय डेल्टा एप्सिलॉनची स्थापना झाली. १९१० साली मिसुरी विद्यापीठात कॅपा टाउ आल्फा निघाले. मिसुरीची पत्रकारिता शाळा त्याआधी दोनच वर्षे, १९०८ साली, सुरू झाली होती. ग्रीक अक्षरांची नावे, नव्या सदस्यांचा दीक्षाविधी आणि कोटावर किंवा साखळीला लावायचे पदक हा सारा थाट तेथील जुन्या विद्यार्थी-बंधुसंघांकडून उचललेला होता.

ही मंडळे एकाच सुमारास निघण्यामागे दोन कारणे होती. मोठ्या विद्यापीठांत विद्यार्थीच चालवत असलेली वृत्तपत्रे तेव्हा नियमित निघू लागली होती. वार्ताहर, उपसंपादक, संपादक, जाहिरात व्यवस्थापक अशी कामाची उतरंड तयार झाली होती. दुसरीकडे पत्रकारिता हा वकिली किंवा वैद्यकीसारखा शिकून करायचा व्यवसाय आहे, असे ठसवण्याची धडपड सुरू होती. मानमंडळाच्या सदस्यत्वामुळे विद्यार्थ्याच्या कामाला प्रमाणपत्रासारखे वजन येई.

निवडीचे निकष मात्र मंडळागणिक निराळे होते. कॅपा टाउ आल्फाने परीक्षेतील गुणांना महत्त्व दिले आणि वर्गातील वरच्या दहा टक्क्यांतून सदस्य घेतले. पाय डेल्टा एप्सिलॉन आणि १९१९ मध्ये निघालेले आल्फा फाय गॅमा यांनी प्रत्यक्ष विद्यार्थी नियतकालिकातील काम पाहिले. ही दोन मंडळे १९७५ साली एकत्र आली आणि आजची महाविद्यालयीन पत्रकारांची संस्था तयार झाली. सिग्मा डेल्टा कायचे रूपांतर व्यावसायिक पत्रकारांच्या संघटनेत झाले. या मंडळाने स्त्रियांना प्रवेश दिला तो १९६९ मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर साठ वर्षांनी. मान देणारे मंडळ कोणाला वगळते, हा प्रश्न या प्रथेसोबत पहिल्यापासून होता.

मराठी मुलखात विद्यार्थी आणि नियतकालिक यांची गाठ याच्या बरीच आधी पडली होती. १८४८ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. तिच्या मराठी शाखेच्या, म्हणजे ज्ञानप्रसारक सभेच्या, छत्राखाली १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघू लागले. ते १८६७ पर्यंत चालले. याच सोसायटीने मुलींच्या शाळाही काढल्या. तिच्यात दीक्षाविधी नव्हता, पदकही नव्हते. निबंध वाचणे, त्यावर चर्चा करणे आणि लेख छापणे हेच तिचे काम होते. पुढे महाराष्ट्रात निघालेल्या बहुतेक विद्यार्थी मंडळांचा साचा हाच राहिला.

वर्ध्याच्या परंपरेचा एक धागा अशाच एका मंडळापर्यंत जातो. १९१४ च्या सुमारास बडोद्यात विनोबा भावे आणि त्यांच्या मित्रांनी ‘विद्यार्थी मंडळ’ स्थापन केले. वाचन, व्याख्याने, थोरांच्या जयंत्या आणि सदस्यांनी जमवलेले ग्रंथालय हे त्याचे स्वरूप होते. त्या मित्रांपैकी काही पुढे विनोबांच्या पाठोपाठ गांधीजींच्या कामात आले. रघुनाथ श्रीधर धोत्रे त्यांपैकी एक. ते पुढे गांधी सेवा संघाचे मंत्री झाले.

वर्ध्यात पत्रांचा पाया मात्र विनोबा तेथे येण्याआधीच घातला गेला होता. जमनालाल बजाज यांच्या पाठबळाने १९२० च्या सुमारास येथून ‘राजस्थान केसरी’ हे हिंदी साप्ताहिक निघाले. विजयसिंह पथिक त्याचे संपादक होते आणि रामनारायण चौधरी यांच्यासारखे तरुण कार्यकर्ते त्यांच्या हाताखाली तयार होत होते. राजस्थानातील संस्थानांमध्ये असे पत्र छापणे अशक्य होते. तिथल्या बिजोलियाच्या शेतकऱ्यांची गाऱ्हाणी म्हणून इतक्या दूर, मध्य प्रांतातील एका कापूस बाजाराच्या गावात, खिळ्यांत जुळवली जात होती.

विनोबा ८ एप्रिल १९२१ रोजी वर्ध्याला आले आणि आश्रम सुरू झाला. १९२३ च्या जानेवारीत त्यांनी ‘महाराष्ट्र धर्म’ हे मराठी मासिक काढले. तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. अंकातील बराचसा मजकूर त्यांचाच असे आणि त्यात उपनिषदांवरील लेखन विशेष होते. त्याच वर्षी नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात त्यांना अटक झाली आणि मासिक खंडित झाले. पुढे ते साप्ताहिक स्वरूपात सुमारे तीन वर्षे निघाले. त्यातील छोट्या लेखांतून ‘मधुकर’ हा निबंधसंग्रह तयार झाला. आठवड्याच्या मुदतीत, मोजक्या जागेत, खेड्यातल्या वाचकाला कळेल असे लिहायचे, ही शिस्त विनोबांच्या गद्याला या साप्ताहिकाने लावली.

१९३६ मध्ये गांधीजी सेगावला राहायला आले, तेच पुढचे सेवाग्राम. त्यानंतर वर्धा परिसर नियतकालिकांनी गजबजला. वर्ध्यातील मगनवाडीतून ग्रामोद्योग संघाची ‘ग्राम उद्योग पत्रिका’ जे. सी. कुमारप्पा चालवत. १९३८ साली गांधी सेवा संघाने ‘सर्वोदय’ हे हिंदी मासिक सुरू केले. काका कालेलकर आणि दादा धर्माधिकारी त्याचे संपादक होते. हिंदुस्तानी तालीमी संघाचे ‘नई तालीम’ सेवाग्रामहून निघे. गांधीजींचे ‘हरिजन’ साप्ताहिक छापले जाई दुसरीकडे, पण त्याचा बराचसा मजकूर येथे तयार होई. गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई मगनवाडीत राहत आणि कागदपत्रे घेऊन रोज सेगावला पायी जाऊन परत येत. जाऊन-येऊन हे अंतर सुमारे अकरा मैल भरे आणि वर्ध्याच्या उन्हाळ्यातही त्यात खंड पडत नसे. संपादक म्हणजे काय हे तिथल्या तरुणांना वर्गात कोणी शिकवले नाही. ते त्यांच्या डोळ्यांसमोर रोज चालत जात होते.

याच काळात जिल्ह्यात उच्च शिक्षणही सुरू झाले. शिक्षा मंडळाने १९४० साली वर्ध्यात गोविंदराम सेकसरिया वाणिज्य महाविद्यालय काढले. ते नागपूर विद्यापीठाशी संलग्न होते. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठात पत्रकारितेचे शिक्षण आले ते १९५२ साली, नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात. त्याआधी लाहोरच्या पंजाब विद्यापीठात १९४१ साली असा विभाग निघाला होता आणि तो उभारणारे पृथ्वीपाल सिंह मिसुरीत शिकलेले होते. हिस्लॉपमधील विभागाची घडी बसवली ती फुलब्राइट योजनेतून आलेल्या रोलंड वोल्सली यांनी. ते सिराक्यूज विद्यापीठात पत्रकारिता शिकवत. परतल्यावरही ते तेथेच शिकवत राहिले. ‘जर्नलिझम इन मॉडर्न इंडिया’ हा त्यांनी संपादित केलेला ग्रंथ १९५३ साली निघाला. पुढे के. ई. ईपन यांनी हिस्लॉपचा विभाग सांभाळला.

सिराक्यूजहून अभ्यासक्रमाची कल्पना आली, मानमंडळ आले नाही. ते येण्यासारखी स्थितीच नव्हती. अमेरिकेतील मंडळे विद्यार्थ्यांच्या नियमित वृत्तपत्रांवर उभी होती. तिथे विद्यार्थी तीन-चार वर्षे काम करी आणि त्या कामाची नोंद पाहून त्याची निवड होई. विदर्भातील महाविद्यालयांत असे वृत्तपत्र नव्हते. त्यांच्याकडे वर्षातून एकदा निघणारा वार्षिकांक होता. शिवाय पत्रकारितेचा विद्यार्थी पदवी घेऊन आलेला असे आणि अनेकदा नोकरी सांभाळून शिके.

वार्षिकांकाने मानाचे काम आपल्या पद्धतीने केले. त्याचा खर्च मुख्यतः विद्यार्थ्यांच्या शुल्कातील नियतकालिकाच्या रकमेतून भागे. एक प्राध्यापक संपादक किंवा सल्लागार असे. मराठी, हिंदी, इंग्रजी असे विभाग असत आणि प्रत्येक विभागाला एखादा विद्यार्थी संपादक असे. सूचना फलकावर आवाहन लागे. लेख, कविता, प्रवासवर्णने वहीच्या फाडलेल्या पानांवर येत. प्राध्यापक लाल शाईने काटछाट करत आणि मुद्रिते तपासायचे काम विद्यार्थ्यांच्या वाट्याला येई. र्‍हस्वदीर्घ, काना, वेलांटी आणि अनुस्वार यांवर नजर बसवणारे अनेकांचे पहिले शिक्षण हेच. अंकाच्या सुरुवातीला प्राचार्यांचे मनोगत असे. त्यानंतर संपादक मंडळाचे छायाचित्र येई: खुर्च्यांवर प्राध्यापक, मागे उभे विद्यार्थी, खाली नावांची ओळ. त्या ओळीतले नाव आणि स्नेहसंमेलनात मिळणारे पारितोषिक एवढाच मान होता. वर्षभराची हौस भित्तिपत्रक आणि हस्तलिखित भागवत.

जाहीर सन्मानाचा दिवस महाराष्ट्रात सगळ्या पत्रकारांसाठी एकच आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकर यांनी ‘दर्पण’ हे वृत्तपत्र सुरू केले. तेव्हा ते विशीच्या आसपास होते, म्हणजे आजच्या हिशेबाने महाविद्यालयात शिकायच्या वयाचे. ६ जानेवारी हा दिवस राज्यभर पत्रकार दिन म्हणून पाळला जातो.

वर्ध्यातील पत्रांची परंपरा स्वातंत्र्यानंतरही टिकली. विनोबांच्या पवनार येथील ब्रह्मविद्या मंदिर या आश्रमातून १९६४ पासून ‘मैत्री’ हे हिंदी मासिक निघू लागले आणि आश्रमातील भगिनींनीच ते चालवले. लिहिणारे हात आणि अंक काढणारे हात वेगळे नसावेत, ही ‘महाराष्ट्र धर्म’च्या काळची रीत तेथे राहिली. १९९७ मध्ये महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय स्थापन झाले. त्याच्या जनसंचार विभागामुळे पत्रकारितेचे विद्यापीठीय शिक्षण वर्धा शहरातच मिळू लागले. अमेरिकेत मानमंडळ आधी झालेल्या कामाची दखल घेई. वर्ध्यात आधी तरुणाच्या हाती अंक सोपवला गेला आणि त्याची परीक्षा पुढच्या अंकात झाली. इथल्या पत्रांपैकी बरीच बंद पडली, पण त्यांच्यातून तयार झालेले लेखक आणि संपादक हिंदी-मराठी सार्वजनिक जीवनात दीर्घकाळ लिहीत राहिले.