परदेशी वनस्पतींच्या आयातीवरील निर्बंध (भारत)

परदेशातून येणारी रोपे, कलमे, कंद व बियाणे यांवर शासनाने घातलेली बंधने. त्यांचा मूळ आधार १९१४ चा विनाशकारी कीटक व पीडक अधिनियम असून त्याखालचा २००३ चा वनस्पती संगरोध आदेश सध्या लागू आहे. आयातदाराला परवाना आणि निर्यातदार देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. आदेशाच्या अनुसूचींत नसलेली लागवडीची सामग्री कीड-जोखमीचे विश्लेषण झाल्याशिवाय येऊ शकत नाही. काही कलमे बंदरातून सुटल्यावरही वेगळी वाढवून तपासली जातात.

रोपवाटिकाधारक व बागायतदार यांची तक्रार मुख्यतः विलंबाची असते. इतिहासाचा दाखलाही त्यांच्या बाजूचा आहे. मिरची, बटाटा, टोमॅटो, पेरू, काजू ही सगळी अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या काळी असा आदेश असता, तर गोव्याला काजूची फेणी मिळती ना! मात्र घाणेरी (टणटणी) आणि जलपर्णी याही शोभेची झाडे म्हणूनच आल्या. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात लावली गेली आणि पुढे देशभरच्या जंगलांत शिरली. जलपर्णीने बंगालमधील जलमार्ग व भातशेती इतकी ग्रासली, की १९३६ मध्ये तिच्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला.

वादात हमखास पुढे येणारे गाजर गवत (काँग्रेस गवत) मात्र कोणी मुद्दाम आणले नव्हते. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात आढळले. त्याचे खापर सर्रास 'पीएल-४८०' या अमेरिकी अन्नसाहाय्य कायद्याखाली आलेल्या गव्हावर फोडतात. पण त्याखालचा भारताशी झालेला करार ऑगस्ट १९५६ मधला, त्यामुळे तारखा जुळत नाहीत. अमेरिकी गहू १९५१ च्या कर्जाखाली आधीच येत होता. ते धान्यातून आले असल्यास रोपांवरच्या बंदीने अडले नसते. पुढे त्याच्या बंदोबस्तासाठी १९८३ मध्ये मेक्सिकोतून भुंगा आणला, तेव्हा तो सूर्यफूल खातो का, यावरूनही वाद झाला.

संगरोधाचा मुख्य रोख झाडावरून येणाऱ्या किडी व रोगांवर आहे. निरोगी झाडच पुढे उपद्रवी ठरेल काय, हा प्रश्न त्यात दुय्यम राहतो. पर्यावरण-अभ्यासकांचा हा आक्षेप रास्त आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियमात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने आक्रमक परकीय प्राणी व वनस्पतींची आयातच नव्हे, तर व्यापार, बाळगणे व प्रसार यांवरही निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला आहे.