अभ्यंग आणि विलाप : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील आजार व मृत्यू

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार आजवर मुख्यतः दोन अंगांनी झाला. एक अंग भाषाभ्यासाचे. सतराव्या शतकातील मराठीचा पुरावा म्हणून या ग्रंथांकडे पाहिले गेले. दुसरे अंग धर्मप्रसाराच्या इतिहासाचे. गंगाधर मोरजे यांच्यासारख्या अभ्यासकांनी या परंपरेची सलग मांडणी केल्यानंतरही एक प्रश्न बाजूला राहिला. ज्या समाजाने हे वाङ्मय ऐकले, गायिले आणि आजाऱ्याच्या उशाशी बसून आठवले, त्या समाजाला त्यातून दुःखाची कोणती भाषा मिळाली? श्रद्धा आजारात आणि मृत्यूत बळ देते, हे विधान भाविकाला स्वयंसिद्ध वाटते, तर चिकित्सकाला ते भाबडे वाटते. ते बळ कशाचे, एवढे मात्र दोघेही विचारीत नाहीत.

या प्रश्नाचा विचार करण्यास वसईइतके योग्य क्षेत्र महाराष्ट्रात क्वचितच आढळेल. वसई आणि नायगाव यांच्या दरम्यान वसलेल्या उमेळ्यासारख्या गावात कॅथलिक श्रद्धा ही परक्या राजवटीची आठवण म्हणून उरलेली नाही. ती घरातली, बोलीतली गोष्ट आहे. पोर्तुगीज अमदानीत वसईच्या कोटात ‘मिझरिकॉर्दिया’ ही धर्मादाय संस्था आणि रुग्णालय होते. आजाऱ्याची विचारपूस करणे आणि मृताला मूठमाती देणे ही दयाकृत्ये अशा संस्थेच्या ब्रीदातच मोडत. येथील ‘रमेदी’ हे स्थलनामही बोलके आहे. ‘रेमेदियुश’ या पोर्तुगीज शब्दाचा अर्थ उपाय, औषध. औषधांची माता म्हणून जिला हाक मारली गेली, तिच्या नावाने एक गाव ओळखले जाऊ लागले. रोगनिवारणाची आस श्रद्धेच्या भूगोलात किती खोल रुजली होती, हे या एका शब्दावरून कळते.

मात्र औषध मागणारी श्रद्धा आणि मृत्यूला सामोरी जाणारी श्रद्धा या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांच्यातील ताण मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या आरंभापासून दिसतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राशोल येथे छापले गेले. जुनी पुराणे हिरावली गेलेल्या नवख्रिस्ती श्रोत्यांना दुसरे पुराण हवे होते, आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ त्या मागणीतून जन्मला. त्यात आजारी बरे होतात, आंधळ्यांना दृष्टी येते, मेलेला लाझर उठतो. पुढे आंतोनियु द सालदान्य यांनी संत अंतोनीच्या चमत्कारांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. या धारेत श्रद्धेचे सामर्थ्य प्रत्ययाने सिद्ध होते: प्रार्थना झाली, रोग गेला. परंतु याच लाझरकथेत एक विसंगत वाटणारा तपशील आहे. येशू लाझरला उठवणार आहे, तरीही कबरीकडे जाताना तो रडतो. फलश्रुती ठाऊक असूनही शोक वगळला जात नाही. चमत्काराच्या कथेतच विलापाला दिलेली ही मान्यता पुढील परंपरेच्या दृष्टीने निर्णायक ठरते.

दुसरी धारा यातनाकथेची. फ्रान्सिस्कु व्हाझ द गिमारांइश यांचे ख्रिस्ताच्या यातना व मरण यांवरील मराठी पुराण 1659 मध्ये लिस्बनला प्रसिद्ध झाले आणि 1845 मध्ये मुंबईत पुन्हा छापले गेले. त्याची भाषा गोव्याकडील पुराणांहून वेगळी, मुंबई-वसई पट्ट्यातील बोलीशी जवळची आहे. पावणेदोनशेहून अधिक वर्षांनी ते पुन्हा छापावेसे वाटले, याचा अर्थ ते लोकांच्या कानात टिकून होते. उत्तर कोकणातील ख्रिस्ती समाजाने जतन केलेले पुराण चमत्कारांचे नव्हते, तर मरणाऱ्या देवाचे होते, ही गोष्ट वाङ्मयेतिहासकाराने गंभीरपणे घ्यावयास हवी. आजाऱ्याला येथे दिलासा मिळतो तो बरे होण्याच्या हमीतून नव्हे. आपल्या वेदनेच्या वाटेने देवही गेला आहे, या जाणिवेतून तो मिळतो.

याला धर्मसत्तेचा एक कठोर संदर्भ आहे. गोव्याच्या इन्क्विझिशनने 1736 च्या आज्ञापत्राद्वारे जन्म, विवाह आणि मृत्यू या प्रसंगींच्या अनेक देशी रूढींना मनाई केली. तीनच वर्षांनी, 1739 मध्ये, चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज सत्ता गेली, बहुतेक युरोपीय धर्मगुरूही गेले आणि मोजकी चर्चे उरली. सत्तेचा आधार सुटल्यावरही येथील हजारो कुटुंबे ख्रिस्ती राहिली. उपदेशक विरळ झाल्यावर श्रद्धेचा भार घरांवर आला. संध्याकाळची रोझरी, कुसापाशी लावलेली मेणबत्ती, मृताच्या घरी जमून केलेली प्रार्थना यांना प्रकांड धर्मशास्त्राची गरज नव्हती. शेजारी येऊन बसणारी माणसे तेवढी हवी होती.

तरीही मृत्यूच्या अधिकृत विधीची भाषा दीर्घकाळ लॅटिनच राहिली. शोक बोलीत आणि निरोप लॅटिनमध्ये, अशी ही दुभंगलेली व्यवस्था होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये उपासनाविषयक संविधान संमत केले, तेव्हा लोकभाषांना वेदीवर स्थान मिळाले. त्याच दस्तऐवजाने आणखी एक बदल सुचवला. मरणासन्नाला द्यावयाचा म्हणून जो ‘अंत्याभ्यंग’ ओळखला जाई, त्याला ‘रुग्णाभ्यंग’ म्हणणे अधिक उचित ठरेल, असे त्यात म्हटले. याकोबाच्या पत्रातील (5:14-15) मूळ सूचनाही आजाऱ्यासाठी आहे, केवळ मरणाऱ्यासाठी नाही. हा नामबदल किरकोळ नव्हे. धर्मगुरू तेल घेऊन दारात आला की घरच्यांनी आशा सोडावी, असा पूर्वी संकेत होता. आता त्याच तेलाला आजाराची सोबत करण्याचा अर्थ पुन्हा लाभला. मराठीने येथे आपली स्वतःची भर घातली. ‘अभ्यंग’ या शब्दात दिवाळीच्या पहाटेचे स्नान आहे, बाळबाळंतिणीचे तेलमर्दन आहे. लॅटिन संज्ञेजवळ नसलेली ही ऊब मराठी विधीला भाषेकडून आपसूक मिळाली.

प्रॉटेस्टंट परंपरेत हाच प्रश्न व्यक्तीच्या आत्मकथनातून उभा राहतो. नारायण वामन टिळक तुकारामाच्या वाटेने ख्रिस्ताकडे आल्याचे सांगत, आणि त्यांच्या भक्तिपर रचनेत दुःख समर्पणात विरघळते. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’चा (1934 पासून) बाज वेगळा आहे. मुलांचे मृत्यू, प्लेगचे दिवस, 1919 मध्ये टिळकांचे जाणे हे सारे त्या सांगतात, पण त्यावर प्रवचन करीत नाहीत. शोकाच्या शेजारी त्यांचा विनोद निःसंकोच बसतो. श्रद्धा येथे दुःखाचे स्पष्टीकरण म्हणून येत नाही. दुःख सांगता यावे इतकी स्थिरता ती देते. टिळकांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ याच बाईंनी पुढे नेले, हेही अर्थपूर्ण आहे.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण अधिक खडतर. आई, वडील आणि बहीण दुष्काळात गेली. 1882 मध्ये पती पटकीने गेले. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्या वेळी रमाबाई जवळजवळ दीड तप चाललेले बायबलचे मराठी भाषांतर पुरे करीत होत्या. 5 एप्रिल 1922 रोजी केडगावला त्यांचे निधन झाले, तेव्हा ते काम हातावेगळे झालेले होते. ईयोबाचा आक्रोश आणि स्तोत्रांतील देवाला विचारलेला जाब सामान्य स्त्रीला कळेल अशा मराठीत आणणे, हेच त्यांच्या शोकाचे उत्तर होते काय, असे विचारण्यास जागा आहे. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (1942-2024) यांच्या ‘सुबोध बायबल’ने तेच काम कॅथलिक बाजूने पुढे नेले.

या परंपरेवर एक आक्षेप गंभीर आहे. क्रुसाची भाषा वेदनेला पवित्र ठरवते आणि त्यामुळे टाळता येण्याजोगे दुःखही माणूस निमूट सोसतो, असा तो आक्षेप. औषधाऐवजी नवस, उपचाराऐवजी सहनशीलता असे घडते तेथे तो पूर्ण खरा आहे. परंतु मिझरिकॉर्दियाच्या रुग्णालयापासून आजच्या वसईतील कार्डिनल ग्रेशस स्मृती रुग्णालयापर्यंतची साखळी पाहता या श्रद्धेने औषधाला सहसा प्रतिस्पर्धी मानलेले नाही. तिची खरी कसोटी औषध थकल्यानंतर लागते.

2020 मध्ये अंत्यविधीस वीस माणसांची मर्यादा आली, तेव्हा ही कसोटी उघडी पडली. शब्द तेच होते, तेलही तेच होते. शेजारी मात्र दाराबाहेर होते. त्या काळात जे हरवले त्यावरून या बळाचे स्वरूप ओळखता येते. ते एकट्याच्या मनातील खात्रीचे बळ नव्हते. वसईच्या समाजाने चार शतके जपलेली श्रद्धा मृत्यूला हरवीत नाही, त्याचा अर्थही पुरता सांगत नाही. ती रडणाऱ्याला ऐकणारा देव देते आणि त्याच्यासोबत रडणारी माणसे देते. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे मोल ठरवताना ओव्यांची संख्या आणि भाषेचे जुनेपण यांच्याबरोबर हेही हिशेबात घ्यावे लागेल.