बाळाचे पहिले २८ दिवस : घरी काय बघायचे, अंगावर कसे पाजायचे?

माहूर : जन्मानंतरचे पहिले २८ दिवस बाळासाठी सगळ्यात नाजूक असतात. या काळात आजार तासातासाला वाढतो, आणि माहूरच्या तांड्या-गुड्यांवरून नांदेडचे विष्णुपुरी येथील शासकीय रुग्णालय सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणून धोक्याची खूण घरातच ओळखता आली पाहिजे. हे काम अवघड नाही. शेजारच्या विदर्भातील गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळ तपासायला शिकवले आणि बालमृत्यू निम्म्याहून कमी झाले. याच धर्तीवर २०११ पासून देशभर आशाताई घरी येऊन बाळ तपासतात.

आशाताई कधी येतात?
दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही. बाळंतीण माहेरी असेल तर तिथल्या आशाताईंना कळवा.

बाळात काय बघायचे?
- वजन : अडीच किलो किंवा जास्त असावे. पहिल्या आठवड्यात थोडे घटते, पण दहाव्या भागापेक्षा जास्त घटू नये. दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत यायला हवे.
- श्वास : बाळ शांत असताना पोटाची हालचाल बघून पूर्ण एक मिनिट मोजा. ४० ते ६० ठीक. ६० किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजा. तितकेच आले तर दवाखाना गाठा.
- ताप : काखेत ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट बरोबर. अंग गार पडणे हे तापाइतकेच धोक्याचे.
- रंग : पहिल्या दिवशी हातपाय किंचित निळसर दिसू शकतात. ओठ-जीभ निळी पडली तर धोका. पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ किंवा तळहात-तळपायापर्यंत गेलेला पिवळेपणा लगेच दाखवा.
- नाळ : कोरडी, उघडी ठेवा. हळद, तेल, राख, शेण काही लावू नका. आजूबाजूला लाली किंवा पू दिसला तर दाखवा.
- शी-शू : पहिली काळी शी २४ तासांत, लघवी ४८ तासांत झाली पाहिजे.

पाठीवर-कमरेवर निळे डाग, बाळाची छाती थोडी सुजणे, मुलीला पहिल्या आठवड्यात थोडे अंगावरून जाणे, याला घाबरू नका. सुजलेली छाती मात्र कधीच पिळू नका.

अंगावर पाजणे : सुरुवात पहिल्या तासात
जन्मल्यावर बाळ पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवा आणि तासाभरात पाजायला घ्या. सिझर झाले तरी आई शुद्धीवर असेल तर मदतीने पाजता येते. पहिले घट्ट पिवळसर दूध म्हणजे चीक. तो खराब समजून पिळून टाकू नका; रोगाशी लढायची पहिली ताकद त्यातूनच मिळते. चमचाभर असला तरी पुरतो, कारण बाळाचे पोट तेवढेच असते. दूध उतरायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर मध, गुटी, साखरपाणी देऊ नका.

बाळाचे डोके आणि अंग एका रेषेत, पोट आईच्या पोटाला लागलेले असावे. तोंड मोठे उघडलेले, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली आणि काळा भाग खालच्या बाजूने जास्तीत जास्त तोंडात, असे असेल तर पकड बरोबर. फक्त बोंडी तोंडात असेल तर चिरा पडतात, दुखते आणि दूधही कमी येते. अशा वेळी करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यात घालून सोडवा आणि परत लावा.

दिवस-रात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजा. एका बाजूचे पुरते संपले की दुसरी बाजू. बाळ झोपाळू असेल तर उठवून पाजा.

दूध पुरते का?
‘दूधच येत नाही’ म्हणून डब्याचे दूध सुरू करण्याआधी हे बघा : पाचव्या दिवसानंतर दिवसातून सहा किंवा जास्त वेळा लघवी होते का, वजन वाढते का. दोन्ही होत असेल तर दूध पुरते. बाळ जितके ओढेल तितका पान्हा वाढतो. बाटली लावली की ओढणे कमी, म्हणून दूधही कमी. सहा महिने पाणीसुद्धा नको, मराठवाड्याच्या उन्हाळ्यातही. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते. पाणी आईला द्या, आणि जेवण पोटभर.

बाळ कमी वजनाचे असून ओढत नसेल तर दूध स्वच्छ वाटीत काढून चमच्याने पाजा. त्याला टोपी-मोजे घालून आईच्या किंवा बापाच्याही उघड्या छातीशी धरून ठेवा. नाळ पडेपर्यंत अंघोळ नको, अंग पुसून घ्या.

या खुणा दिसल्या तर थांबू नका
- दूध ओढणे बंद किंवा रडणे क्षीण
- श्वास जलद, छाती आत ओढली जाणे, कण्हणे
- झटके
- अंग गार किंवा तापलेले
- अंग सैल पडणे, हलवले तरीच हालचाल
- पोट फुगणे, हिरवी उलटी

अशा वेळी १०८ ला फोन करा. आई-बाळाच्या वाहनासाठी १०२ आहे. आजारी नवजात बाळाचे सरकारी दवाखान्यातले उपचार, औषधे व ने-आण जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमातून मोफत आहे. आधी माहूरचे ग्रामीण रुग्णालय, तिथून गरजेप्रमाणे किनवट किंवा नांदेड. वाटेत बाळ आईच्या छातीशी उबेत ठेवा, आणि ओढत असेल तर पाजत राहा. पाचवी आहे, अमावास्या आहे म्हणून निघणे पुढे ढकलू नका.